वहिवाट: तळ्यावर जायला पास कशाला?

(भूमी अभिलेख खात्यातून परिरक्षण भूमापक म्हणून निवृत्त झालेल्या आमच्या स्तंभलेखिका वाचकांच्या जागा-जमिनीच्या प्रश्नांना उत्तरं देतात. या महिन्यात निवडलेली तिन्ही पत्रं तळ्यांबद्दलची आहेत.)

प्रश्न: ताई, घोडबंदर रोडच्या एका जुन्या गावठाणात आम्ही राहतो. गाव आता टॉवरांच्या मध्ये सापडलंय, पण गावामागचा तलाव अजून आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा सगळ्या बायका तिथेच धुणी धुवायच्या. गौरी आम्ही त्याच तलावात सोडतो. घरांपासून तलावापर्यंत पायवाट आहे, एका बाजूला भेंडीची झाडं, दुसऱ्या बाजूला आता सोसायटीची भिंत. गेल्या दसऱ्यानंतर सोसायटीनं या वाटेच्या तोंडाशी लोखंडी गेट बसवलं आणि ‘फक्त सभासदांसाठी’ अशी पाटी लावली. आम्ही आरडाओरडा केला तेव्हा मीटिंग झाली. सेक्रेटरी तसे सज्जन आहेत. म्हणाले, काकू, भांडण कशाला, गावातल्या प्रत्येक घराला एक पास देतो. सकाळी सहा ते आठ, संध्याकाळी पाच ते सात यायचं, वॉचमनच्या वहीत सही करायची. गौरी-गणपतीला दिवसभर गेट उघडं ठेवू. मुलगा म्हणतो, घेऊन टाक पास, कोर्टकचेरी कोण करणार? सासूबाईंनी ऐंशी ओलांडली आहे, त्या म्हणतात, आपल्याच तळ्यावर जायला पास कसला? घरात यावरून रोज वाद होतो. तलाव नक्की कोणाचा, आणि पास घ्यायचा की नाही?
— एक गृहिणी, ठाणे

उत्तर: पास घेऊ नका. वहीत सही तर अजिबात करू नका. सासूबाई बरोबर बोलतायत.

मुलाला राग येईल, म्हणून कारण सविस्तर सांगते. १८८२ चा सुविधाधिकार कायदा आहे, वकील त्याला ईझमेंट ॲक्ट म्हणतात. त्याच्या १५ व्या कलमाप्रमाणे, दुसऱ्याच्या जमिनीवरून एखादी वाट वीस वर्षं उघडपणे, शांतपणे, खंड न पडता आणि हक्कानं वापरली, तर तो वापर कायम हक्क होतो. जमीन सरकारी असेल तर वीसऐवजी तीस वर्षं. यातला ‘हक्कानं’ हा शब्द महत्त्वाचा. कोणाची परवानगी मागून जाणारा हक्कानं जात नाही, तो मेहेरबानीवर जातो, आणि मेहेरबानी कधीही काढून घेता येते. आज तुमच्याकडे काही दशकांची वहिवाट आहे. उद्या त्या वहीत तुमच्या सह्या जमल्या की सोसायटीचा वकील ती वही कोर्टापुढे ठेवेल आणि म्हणेल, बघा, हे लोक आमच्या परवानगीनंच येत होते. सेक्रेटरी सज्जन असतील, मला शंका नाही. पण ते दोन-चार वर्षांत बदलतील आणि वही राहील.

दुसरं, तारीख. गेट दसऱ्यानंतर बसलं म्हणता, म्हणजे वर्ष व्हायला अजून काही महिने आहेत. त्याच कलमात म्हटलंय की अडथळा झाल्याचं कळूनही तुम्ही तो वर्षभर मुकाट्यानं सोसला तरच वहिवाटीत खंड पडला असं धरायचं. म्हणून या महिन्यातच लेखी हरकत घ्या. एक प्रत सोसायटीला, एक महापालिकेच्या प्रभाग समितीच्या सहायक आयुक्तांना, एक आयुक्तांना. पोचपावतीचा शिक्का घ्या किंवा रजिस्टर्ड पोस्टानं पाठवा. मीटिंगमधल्या आरडाओरड्याचा पुरावा राहत नाही.

आता तलाव कोणाचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम २० सांगतं की ज्यावर कोणा व्यक्तीची मालकी सिद्ध होत नाही असे रस्ते, गल्ल्या, वाटा, नद्या, नाले, तलाव हे सगळं राज्य सरकारचं. खासगी मालकीचे तलावही असतात, नाही असं नाही. म्हणून तलावाचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढा आणि धारकाचं नाव वाचा. बहुतेक ठिकाणी सरकार किंवा महापालिका निघते. आणि सरकार निघालं तरी ते मनाला येईल तसं वागणारं मालक नाही. बियास नदीच्या काठच्या एका हॉटेलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये स्पष्ट केलं की अशा नैसर्गिक संपत्तीचं सरकार हे विश्वस्त आहे, ती लोकांसाठी राखायची आहे. २००१ मध्ये तळ्यांबद्दल आणि २०११ मध्ये गावाच्या सामायिक जमिनींबद्दल याच अंगानं निकाल आले.

पण खरं सांगू का, नोकरीच्या सगळ्या वर्षांत तलावाच्या मालकीवरून झालेलं भांडण मी फार थोडं पाहिलं. पाणी कागदावर जागच्या जागी राहतं. नाहीशी होते ती वाट. दोन सर्व्हे नंबरांच्या मधली पट्टी आधी मातीनं बुजते, मग तिथे कुंड्या येतात, मग स्कूटर लागतात, मग गेट. पाच वर्षांनी नवा माणूस विचारतो, इथून वाट होती? आणि कोणाला सांगता येत नाही. ठाण्यातला मासुंदा तलाव बघा. एका अंगाला कोपिनेश्वर मंदिर, एका अंगाला गडकरी रंगायतन नाट्यगृह, आणि भोवती रस्ता. रात्री जेवून तलावपाळीवर चक्कर मारायला कोणाला विचारावं लागत नाही, कारण पाण्याला कोणाची मागची भिंत चिकटलेली नाही. कचराळी तलावाचंही तेच. ज्या तलावाच्या भोवती रस्ता आहे तो शहराचा राहिला. ज्याच्या भोवती इमारतींच्या पाठी आल्या, तो त्या इमारतींचं परसू झाला. हे माझं मत आहे, कायद्याचं नव्हे.

म्हणून आधी वाट शोधा. भूमी अभिलेख कार्यालयातून जुना गाव नकाशा घ्या. त्यावर एकेरी तुटक रेघ दिसली तर ती पायवाट, रुंदी सव्वाआठ फूट. दुहेरी तुटक रेघ असली तर गाडीवाट, साडेसोळा ते एकवीस फूट. हे आकडे कुठून आले? जुनी मोजणीची साखळी ३३ फुटांची. ३३ गुणिले ३३ म्हणजे एक गुंठा. सव्वाआठ म्हणजे पाव साखळी. आज तुमची वाट चार फुटांची उरली असेल, तर भिंत किती आत सरकली हे हद्द कायम मोजणीत कळेल. या मोजणीचा अर्ज जमिनीच्या धारकाला करावा लागतो. तलाव महापालिकेच्या नावावर असेल तर अर्ज तिनं करायचा, तुम्ही तिच्या मागे लागायचं.

मग महापालिकेत माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, तेव्हा मनातली खदखद तिथे ओतू नका. ‘गेट का बसवू दिलं’ असं विचारलंत तर उत्तर येणार नाही, कारण ‘का’ ही माहिती होत नाही. नकला मागा: त्या सर्व्हे नंबरांचा विकास आराखड्याचा भाग नकाशा, सोसायटीचं मंजूर रेखांकन, भोगवटा प्रमाणपत्र आणि गेटला दिलेली परवानगी, असल्यास. मंजूर रेखांकनात वाट दाखवलेली निघते असं मी अनेकदा पाहिलंय. बिल्डरला परवानगी हवी असते तेव्हा तो जुनी वाट मुकाट्यानं नकाशावर काढतो. फ्लॅट विकताना विसरतो.

आणखी एक गोष्ट जाऊन बघा. वाटेवर महापालिकेचा दिव्याचा खांब आहे का? त्यावरचा नंबर टिपा. गटाराचं झाकण, पाण्याची लाईन, ‘नगरसेवक निधीतून’ असा फलक, पेव्हर ब्लॉक? लोकांच्या पैशाचा एक खांबसुद्धा त्या वाटेवर असला तर ती खासगी आहे असं म्हणणं सोसायटीला जड जाईल. याशिवाय गौरी विसर्जनाचे जुने फोटो, मंडळानं पोलिसांकडे दिलेला मिरवणुकीचा मार्ग, गूगल अर्थवरची जुन्या वर्षांची छायाचित्रं. आणि सासूबाईंचं प्रतिज्ञापत्र. हे आधी करा, बाकी कागद थांबतील. त्या कधी लग्न होऊन आल्या, कोणत्या वाटेनं धुणं घेऊन जायच्या, वाटेत काय काय होतं, सगळं लिहून नोटरीकडून करून घ्या. त्यांच्या वयाच्या आणखी दोघी-तिघी असतील तर त्यांचंही.

कागद काय सांगतात त्यावर पुढचं. नकाशात वाट सार्वजनिक निघाली तर ते गेट अतिक्रमण आहे, महापालिकेनं काढायचं. वाट कोणाच्या खासगी सर्व्हे नंबरातून जात असेल, तर १५ वं कलम घरमालक म्हणून तुम्हाला लागू होतं, आणि सगळ्या गावासाठी १८ वं, रूढीनं मिळालेल्या हक्काचं. कायद्यातच उदाहरण आहे गावाच्या कुरणात गुरं चारण्याच्या रूढीचं. दिवाणी दावा करायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ खाली दोघा किंवा अधिक जणांना न्यायालयाच्या परवानगीनं सार्वजनिक अडथळ्याविरुद्ध दावा लावता येतो. प्रत्येकाचं स्वतंत्र नुकसान दाखवावं लागत नाही. त्याहून झटपट मार्ग म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२, जे १ जुलै २०२४ पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं १३३ होतं. उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा, सार्वजनिक वाटेवरचा अडथळा हटवण्याचा आदेश ते देऊ शकतात. मात्र समोरच्यानं ‘वाट सार्वजनिक नाहीच’ म्हणत भरवशाचा पुरावा आणला, तर दिवाणी न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत ते हात आखडतात. कोणीतरी तुम्हाला तहसीलदाराकडे जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली अर्ज करायला सांगेल. त्यात वेळ घालवू नका, ते कलम शेतकऱ्याला आपल्या शेतात जाण्यासाठीच्या बांधावरच्या वाटेचं आहे.

तोवर रोज जा. वॉचमनशी हुज्जत नको, तो बारा तासांच्या ड्यूटीवर पोट भरणारा माणूस आहे. वही पुढे केली तर ‘सही करणार नाही, ही आमची वहिवाटीची वाट आहे’ एवढंच सांगा. त्यानं अडवलं तर तारीख-वेळ स्वतःच्या डायरीत लिहा. आणि सेक्रेटरींना घरी चहाला बोलावून त्यांच्यापुढे दुसरा प्रस्ताव ठेवा: गेट काढा, तिथे मोटारसायकल जाणार नाही अशा बेतानं दोन खांब रोवा. त्यांची निम्मी भीती तेवढ्यानं जाईल.

प्रश्न: आमच्या संकुलाला लागून तलाव आहे. बिल्डरनं ब्रोशरमध्ये तलाव आमचाच असल्यासारखा दाखवला, ‘लेक व्ह्यू’ म्हणून जास्त पैसे घेतले. आता बाहेरचे लोक येऊन बसतात, दारूच्या बाटल्या टाकतात, रात्री गाणी लावतात. मागच्या पावसाळ्यात एक मुलगा घसरून पाण्यात पडला, आमच्या वॉचमननं काढला. उद्या कोणी बुडालं तर पोलीस कमिटीला धरतील. सर्वसाधारण सभेत तलावाला कुंपण घालायचा ठराव झाला आहे. आम्ही चुकतोय का?
— एका सोसायटीचे सचिव, ठाणे पश्चिम

उत्तर: तुमचं पत्र आणि वरचं पत्र एकाच आठवड्यात आली. तुम्ही एकमेकांचे शेजारी नाही, मी पत्ते पाहिले. पण असू शकला असता.

तुमचं अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स, झालंय का? म्हणजे जमीन बिल्डरकडून सोसायटीच्या नावावर आली का? खरेदीनं किंवा मानीव, कसंही. झालं असेल तर दस्त काढा आणि चतुःसीमा वाचा. ‘पश्चिमेस तलाव’ असं लिहिलं असेल तर विषय संपला. चतुःसीमेत जे नाव येतं ते तुमच्या हद्दीच्या बाहेर असतं. अभिहस्तांतरण झालं नसेल तर महारेराच्या संकेतस्थळावर तुमच्या प्रकल्पाचं मंजूर रेखांकन आहे का ते बघा, त्यावर भूखंडाची हद्द काढलेली असते. जास्तीचे पैसे तुम्ही खिडकीतून दिसणाऱ्या देखाव्याचे दिलेत. देखाव्याचा सातबारा निघत नाही. बिल्डरनं फसवलं असं वाटत असेल तर तक्रार त्याच्याविरुद्ध करा, तळ्यावर येणाऱ्यांविरुद्ध कशाला?

आता बुडण्याचं. हा प्रश्न खरा आहे आणि कोणी तो हसण्यावारी नेऊ नये. पण तलाव तुमचा नसेल तर कठडा, दिवे, धोक्याच्या पाट्या, जीवरक्षक ही जबाबदारी तलाव ज्याच्या ताब्यात त्याची. तुम्ही तो कुंपणात घेतला, गेटला कुलूप लावलं, वेळा ठरवल्या, की तुम्ही स्वतःहून ताबा घेतल्यासारखं दिसतं, आणि मग अपघात झाल्यावर ‘आमचा संबंध नाही’ म्हणायला तोंड राहत नाही. ज्या जबाबदारीला घाबरताय ती तुम्ही ठराव करून ओढवून घेताय. तुमच्या वकिलाला हे विचारा, ते माझ्यापेक्षा कडक शब्दांत सांगतील.

स्वतःच्या भूखंडाच्या हद्दीवर नियमात बसेल ती भिंत जरूर घाला. तलावाच्या कडेची पट्टी मोकळी ठेवा. सभेत दुसरा ठराव करा: महापालिकेकडे कठडा, दिवे, रात्री तलाव बंद करायची वेळ आणि पोलिसांच्या गस्तीची मागणी. वेळ महापालिकेनं ठरवली तर ती सगळ्यांना सारखी लागू होते, तुमच्या सभासदांनाही.

बाटल्यांबद्दल सहमत. रविवारी सकाळी कोणत्याही तलावाच्या काठचं दृश्य बघून मलाही संताप येतो. फक्त एकदा पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन काठावर उभे राहा आणि तळ्यात काय काय कुठून येतंय ते बघा. तुमच्या सांडपाणी प्रकल्पाचा पाइप शेवटी कुठे सोडलाय, हे कमिटीत किती जणांना ठाऊक आहे?

प्रश्न: नवी मुंबईत आमच्या सेक्टरमागे मोठा तलाव आहे. पाणी कधी भरतं, कधी चिखल दिसतो, कडेला खारफुटी वाढली आहे. महापालिकेनं जाळी लावली आहे. तिथे आत उतरायला पायऱ्या, बोटिंग आणि पूर्ण फेरीचा जॉगिंग ट्रॅक व्हावा म्हणून आम्ही सह्या गोळा करतोय. सार्वजनिक तलावावर आमचा हक्क नाही का?
— ज्येष्ठ नागरिक संघाचे सभासद, नवी मुंबई

उत्तर: वर्णनावरून हा तुमचा तलाव म्हणजे धारण तलाव दिसतो, होल्डिंग पॉण्ड. सिडकोनं सत्तरच्या दशकापासून हे शहर वसवलं तेव्हा बरीचशी जमीन भरतीच्या पातळीहून खाली होती. म्हणून डच पद्धतीनं ही तळी ठेवली. भरतीच्या वेळी खाडीकडची झडप पाण्याच्या दाबानं बंद होते, शहरातलं पावसाचं पाणी या तळ्यात थांबतं, आणि ओहोटी लागली की झडप उघडून खाडीत जातं. पाणी कधी भरतं, कधी चिखल दिसतो, ते यामुळे. मोठा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की तुमच्या सेक्टरात गुडघाभर पाणी का साचतं तेही यातच आलं. गाळ भरला की तळ्याची धारणशक्ती घटते, आणि आत पायऱ्या, भराव, ट्रॅक घातला तरी घटतेच.

आणि खारफुटीला हात लावायचा नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशानं तोड थांबवली, २०१८ च्या निकालानं भोवतीच्या पन्नास मीटर पट्ट्यालाही संरक्षण दिलं. खारफुटीमुळे गाळ काढणं अडतं ही महापालिकेची अडचण खरी आहे, पण तिचा मार्ग न्यायालयाच्या परवानगीतून जातो.

जुन्या गावांचे तलाव वेगळे. नवी मुंबईच्या गावठाणांत तसे आहेत, आणि तिथे वाटेचा हक्क मागायचा असेल तर पहिल्या पत्राचं उत्तर वाचा.

तुम्ही मात्र अर्ज बदला. बोटिंग आणि पायऱ्या खोडा. बाहेरच्या बाजूला जो रस्ता किंवा फुटपाथ आहे तिथूनच पाणी दिसेल असं मागा: जाळीवरचे जाहिरातीचे फलक काढा, बसायला चार बाक द्या, फुटपाथवर लागणाऱ्या गाड्या हटवा. दिवे मागाल तर झोत फुटपाथवर पडेल असे मागा, पाण्यावर नको, तिथे बगळे मुक्कामाला असतात. आणि गाळ शेवटचा कधी काढला, झडपांची दुरुस्ती कधी झाली, याच्या नोंदींच्या नकला माहिती अधिकारात मागवा, पावसाळ्याच्या आधी.